ओल्या चामड्यावरचा डाग

१

रविवारी सकाळी साडेआठला मी खोलीचं कुलूप काढलं, दिवा लावला आणि टेबलाकडे पाहून दारातच थांबलो. माझ्या अकरा महिन्यांच्या कामाचं कुणीतरी मातेरं केलं होतं.

शनिवारी दुपारी मी ते होल्स्टर, कमरेला पिस्तूल लावायचं चामडी म्यान, ओलं करून, आत निळं प्लॅस्टिकचं डमी पिस्तूल बसवून, हाडाच्या पट्टीने दाबून दाबून त्याला आकार दिला होता. ट्रिगरची कमान, नळीची कड, सगळं बाहेरून बोटाला लागत होतं. रविवारी फक्त कडा घासायच्या आणि मेण लावायचं, एवढंच उरलं होतं. आता ते वरून रोलर गेल्यासारखं सपाट पडलं होतं. फुगवलेली बाजू बसली होती आणि त्या बाजूवर पंजाएवढा निळाकाळा डाग होता. डागाचं एक टोक निमुळतं होतं, तिथून दोन्ही कडा बाक घेत रुंद होत गेल्या होत्या. डमी पिस्तूल पुसून, जपून, खिडकीत ठेवलेलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी हातातली किल्ली भिंतीवर फेकली, मग ती शोधायला टेबलाखाली गुडघ्यांवर रांगलो, आणि त्याने आग आणखीच वाढली.

सांगायला हवं की आम्ही चौघं हौशी आहोत. चपलांच्या दुकानामागची ही खोली दुकानाच्या मालकाची, त्याला आम्ही उस्ताद म्हणतो. बाकी दातांचे डॉक्टर, टेलरमास्तर आणि मी. मी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, म्हणून मी लिफ्टवाले. चौघं मिळून पिस्तुलाची होल्स्टरं बनवतो आणि चौघांत मिळून पिस्तूल एकही नाही. डॉक्टरांकडे नेमबाजीच्या क्लबातली छऱ्यांची बंदूक आहे, तीही त्यांच्या बायकोने कपाटात कोंडून ठेवली आहे. आमची बायकामंडळी हसतात ते काही उगाच नाही.

पण हे होल्स्टर हसण्यावारी न्यायचं नव्हतं. माझी मुलगी पोलिसात फौजदार आहे. तिची लांब बदली झाली होती, निदान तीन वर्षांसाठी. त्या दिवशी चार वाजता ती आम्हाला भेटायला येणार होती आणि सहाची तिची गाडी होती. मला तिच्याशी जे बोलायचं होतं ते मला बोलता येत नाही. ते मी अकरा महिने दोऱ्याने शिवत होतो.

मी घरी फोन केला. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थांबा तिथेच. अक्का आलीये. तिला पाठवते."

अक्का म्हणजे हिची थोरली बहीण. त्या क्षणी मला जगात कुणाची मदत नको असेल तर ती अक्कांची.

२

अक्का सव्वानऊला आल्या. दोन गल्ल्यांचं अंतर, आणि पाऊण तास. वाटेत त्यांनी लिंबं घेतली होती. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाल्या, "स्वस्त होती."

अक्कांनी चौतीस वर्षं शाईच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काढली. कागद, दौत, डाग यांपलीकडे त्या फार बोलत नाहीत आणि घाई हा शब्द त्यांना कुणी शिकवलेला नाही. त्यांनी आधी खुर्ची पुसली, मग बसल्या, मग चष्मा पुसला. मी घड्याळाकडे पाहत होतो.

"हात लावलात का?"

"उचललं फक्त."

"भिंग आहे?"

भिंग होतं. टाके मोजायला लागतं. त्यांनी डाग इतका वेळ पाहिला की मी खोलीत चार येरझारा घातल्या.

"तुमच्याकडे काळा रंग कुठे असतो?"

"त्या कपाटात. बाटली आठवडाभर उघडलेली नाही, झाकणावरचं मेण बघा. मी तेच आधी पाहिलं. कुणीतरी शाई आणून ओतली, अक्का, सरळ आहे."

"ओतली असती तर पसरली असती. कडेला ओघळ असता. टेबलावर थेंब असता." त्यांनी टेबलावर बोट फिरवून मला दाखवलं. बोट स्वच्छ होतं. "आणि डागात जाळी आहे. उभे-आडवे धागे. दिसतात का?"

मला भिंगातून डाग दिसला, आणि डागाच्या आत अगदी बारीक विणीचा ठसा. कापडाचा. त्याने माझ्या ज्ञानात काडीची भर पडली नाही, फक्त साडेनऊ वाजले.

"कुणी केलं ते सांगा ना," मी म्हणालो. "जाळी मोजत काय बसलाय?"

अक्कांनी लिंबू कापलं. एक थेंब डागाच्या अगदी कडेला टाकला. मिनिटभराने तिथलं काळं फिकट झालं, खालचं तपकिरी चामडं वर आलं.

"बाहेरची शाई लिंबाच्या एका थेंबाने जात नाही," अक्का म्हणाल्या. "भावजी, ही शाई कुणी आणली नाही. ती इथेच तयार झाली, या चामड्यात."

३

त्यांनी मला समजावलं ते थोडक्यात असं. आमचं चामडं झाडाच्या सालीच्या पाण्यात कमावलेलं असतं. सालीतला तो तुरट अर्क चामड्यात मुरलेला असतो. त्याला पाणी आणि लोखंड मिळालं की शाई होते. पूर्वी कारखान्यात काळी शाई अशीच करायचे, साल आणि लोखंडाचा क्षार.

"म्हणजे ओल्या होल्स्टरवर कुणीतरी लोखंडाची वस्तू ठेवली," मी म्हणालो. "जड वस्तू. चिरडायला."

"जड, हो. रात्रभर. आणि मध्ये कापड घालून."

"कशाला?"

"तेच मी म्हणते. कशाला?"

खोलीची किल्ली उस्तादच्या दुकानात खिळ्याला टांगलेली असते. चौघांपैकी कुणीही ती घेतो. तेव्हा तिघांपैकी एक, यात मला शंका नव्हती, आणि मी तिघांची प्रकरणं अक्कांपुढे मांडली. शुक्रवारी उस्तादशी माझं वाजलं होतं. त्याने चांगल्या चामड्याचा खांद्याकडचा भाग स्वतःला ठेवला आणि पोटाकडचं लिबलिबीत माझ्या माथी मारलं. डॉक्टरांना हे डमी पिस्तूल दोन महिने हवं होतं आणि मी दिलं नव्हतं. आणि मास्तर, तर मास्तरांना वाटतं की सुई धरायचा हक्क जगात त्यांना एकट्यांना आहे.

अक्का ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं. त्या होल्स्टर पालथं-उलथं करत होत्या.

"हे दोन तुकडे सारखेच दिसतात."

"सारखेच असतात. एक अंगाकडे राहतो, तो सपाट. दुसरा बाहेरचा, तो पिस्तुलाच्या आकारात फुगवायचा. कुठला फुगवता त्यावर होल्स्टर डाव्या कमरेचं की उजव्या कमरेचं ते ठरतं." मला नको ते आठवलं. "पहिल्या वर्षी मी दोनदा चुकीचा तुकडा फुगवला. या लोकांनी महिनाभर पिदडलं मला."

"आणि हे तुम्ही कुठलं केलं होतं?"

मी खिडकीकडे पाहिलं. "डावं."

अक्कांनी भिंग खाली ठेवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला ते लागलं. कारण अक्का हे जाणून होत्या. माझी मुलगी डावखुरी. मी तिला उजव्या हाताने लिहायला लावलं. सात वर्षांची असताना गृहपाठाच्या वेळी तिचा डावा हात मी रुमालाने खुर्चीच्या दांड्याला बांधायचो. शाळेत ती लपून डाव्याने लिहायची, ते मला कळायचं, कारण डाव्याने लिहिताना हात ओल्या अक्षरांवरून जातो आणि करंगळीच्या कडेला शाई लागते. रोज संध्याकाळी मी तिचा हात उलटा करून बघायचो. ती शाई अक्कांनीच कारखान्यातून आणलेली असायची.

ती उजव्याने लिहायला शिकली. बाकी सगळं डाव्यानेच राहिलं. गोळीसुद्धा. खात्यातून मिळालेलं होल्स्टर उजव्या कमरेचं, म्हणून तिला पोटावरून आडवा हात न्यावा लागतो. हे ती आईला फोनवर हसत हसत सांगत होती आणि मी बाजूच्या खोलीत होतो. तेव्हापासून अकरा महिने.

"हे डावं का केलं, ते या तिघांपैकी कुणाला सांगितलंत?" अक्कांनी विचारलं.

"कुणालाच नाही. त्यांना काय करायचंय?"

"मग मी तिघांनाही एकच प्रश्न विचारणार," अक्का म्हणाल्या आणि पिशवी उचलली. "मुलगी कुठल्या हाताची?"

हा काय प्रश्न झाला? दहा वाजून गेले होते.

४

उस्ताद पुढे दुकानातच होता. मांडीवर बूट, हातात चामडं कापायची रापी. मी तोंड उघडायच्या आत अक्कांनी मला कोपराने गप्प केलं आणि होल्स्टर त्याच्या पुढ्यात धरलं.

उस्तादने डाग बघितला आणि त्याचं तोंड कडू झालं. "लोखंड लागलंय. ओल्यात." माझ्याकडे वळून म्हणाला, "लिफ्टवाले, एवढंही कळत नाही? माझ्या बापाने पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, ओलं चामडं आणि लोखंड यांची गाठ घालायची नाही. माझी भिजवायची घमेली बघा, प्लॅस्टिकची. वजनं बघा, दगडाची."

"मी नाही केलं," मी म्हणालो. "कुणी केलं ते शोधतोय."

"म्हणजे माझ्यावर संशय आहे होय?" त्याने रापी खाली ठेवली. "त्या खांद्याच्या तुकड्यावरून? तो मी तुमच्या मुलीच्या पट्ट्यासाठी ठेवला होता. होल्स्टर झालं की देणार होतो. आता नाही देत जा."

 अक्कांनी मात्र शांतपणे आपला प्रश्न विचारला.

"कुठल्या हाताची? मला काय ठाऊक, मी तिला एकदा पाहिलं असेल. होल्स्टर डावं होतं ते बघितलं मी शनिवारी. म्हटलं, डावं करतोय म्हणजे माणूस डावखुरा असणार. माझ्याकडे गिऱ्हाईक एक पाय लहान घेऊनही येतं, मी विचारत बसत नाही."

"किल्ली काल संध्याकाळी कुणी नेली?"

"खिळ्याकडे माझी पाठ असते," उस्ताद म्हणाला. "पण सकाळी सहाला दुकान उघडलं तेव्हा ती नीट होती आणि आठला बघितलं तर उलटी टांगलेली. दात भिंतीकडे. तुम्ही तिघंही दात बाहेर करून टांगता."

अक्का थांबल्या. "तिघंही?"

"एवढं कोण बघतं? पण घाईत असेल माणूस तर होतं असं."

म्हणजे सकाळी माझ्या आधी खोलीत कुणीतरी आलं होतं.

५

डॉक्टरांचा दवाखाना रविवारी बंद असतो. पण कुणाची तरी दाढ ठणकत होती म्हणून ते आत होते. आम्हाला वीस मिनिटं बाकावर बसवलं. आतून कण्हण्याचा आवाज येत होता आणि मला त्या माणसाचा हेवा वाटत होता, कारण त्याचं दुखणं निदान कुणीतरी उपटत होतं.

"काल संध्याकाळी?" डॉक्टर हात धुता धुता म्हणाले. "आलो होतो. पाचच्या सुमाराला, माझा कड घासायचा लाकडी दांडा न्यायला. तेव्हा तुमचं होल्स्टर ठीक होतं. सुरेख होतं, खरं सांगतो. डमी आत होतं. ते मला हवं होतं, पण काढलं नाही. मी इतका हलका माणूस नाही, लिफ्टवाले."

"तुमच्याकडे वजनदार हत्यारं खूप," मी म्हणालो.

"आहेत की." त्यांनी ट्रे पुढे ढकलला. "ही सगळी गंज न चढणाऱ्या पोलादाची. तोंडाच्या लाळेत वर्षानुवर्षं राहतात आणि डाग देत नाहीत."

अक्कांनी मान डोलावली. मला ती मान डोलावणं अजिबात आवडलं नाही. आमच्या हातून दुसरा माणूस निसटत होता.

"डॉक्टर, यांची मुलगी कुठल्या हाताची?"

"डावखुरी," डॉक्टर लगेच म्हणाले.

मी ताडकन उठलो. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तिच्या दातांनी. कॉलेजात असताना तुम्हीच आणलं होतं तिला. उजव्या हाताने घासणाऱ्यांची डावी बाजू जास्त साफ होते, तिचं उलट होतं. फॉर्मवर सही उजव्याने केली, तेव्हा मला जरा नवल वाटलं. मग म्हटलं, असेल कुणी घरात कडक." ते माझ्याकडे बघून थांबले. "तुम्हाला माहीत नव्हतं की काय?"

तेवीस वर्षं मी जे झाकून ठेवलं ते या माणसाने दात बघायच्या चमच्याएवढ्या आरशात पाहिलं होतं आणि वर मलाच विचारत होता. रस्त्यावर आल्यावर मी अक्कांना म्हणालो की मला घरी जायचंय. होल्स्टर गेलं, दिवस गेला, आता निदान शोभा तरी नको.

"अकराच वाजलेत," अक्का म्हणाल्या. "आणि आता एकच राहिलाय."

६

मास्तरांच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं. आम्ही वाकून आत गेलो. मास्तर दाराकडे पाठ करून काहीतरी घासत होते. आमची चाहूल लागताच त्यांनी हातातला पॉलिश पेपर खिशात घातला.

"या, या," ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता अक्कांना स्टूल दिलं.

दुकान नेहमीसारखंच होतं. शिवायचं यंत्र, खडू, कपडे बेतायच्या तपकिरी कागदांचा गठ्ठा, आणि गठ्ठा उडू नये म्हणून त्यावर त्यांची ओतीव लोखंडाची जुनी इस्त्री. विजेची आल्यापासून ती नुसती वजनाला. यंत्राच्या तेलाचा वास येत होता. मी होल्स्टर टेबलावर आपटलं.

"बघा, मास्तर. कुणाचं तरी काम."

मास्तरांनी पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला, पण चकित झाला नाही. "वाईट झालं," ते म्हणाले. "फार वाईट झालं."

"यांची मुलगी आज निघणार," अक्का म्हणाल्या. "तुम्ही तिला ओळखता ना?"

"ओळखतो म्हणजे? तिचा पहिला गणवेश मी शिवला. पोशाखाच्या वहीत माप लिहून तिची सही घेतली होती. हे बघा." मास्तरांना बोलायला विषय मिळाला तसा त्यांना हुरूप आला. त्यांनी वहीसुद्धा काढली. "काय वळणदार सही."

"कुठल्या हाताने केली?"

"उजव्या." मास्तर हसले. "आणखी कुठल्या? माझ्यासमोर केली. उजव्या हाताची आहे ती."

अक्का उठल्या. त्या मला काही विचारणार म्हणून मी पुढे झालो, पण त्या मला ओलांडून टेबलापाशी गेल्या आणि दोन्ही हातांनी ती जुनी इस्त्री उचलली.  त्यांनी ती तळ वर करून ठेवली. इस्त्रीच्या बाजू गंजक्या होत्या आणि तळ आरशासारखा घासलेला, तेल पुसलेला.

मग त्यांनी माझं होल्स्टर तिच्याशेजारी ठेवलं. निमुळतं टोक, आणि तिथून दोन्हीकडे बाक घेत रुंद होणाऱ्या कडा.

"मास्तर," अक्का म्हणाल्या, "खाली बसा. मी सांगते, तुम्ही फक्त कुठे चुकलं तर सांगा."

७

"हे शत्रूचं काम नाही, हे मला सकाळीच कळलं होतं," अक्का म्हणाल्या. "वाईट करायला आलेला माणूस रापीने फाडतो आणि जातो. डमी पुसून खिडकीत ठेवत नाही. वस्तूवर वजन ठेवताना मध्ये ओलं कापड घालत नाही. कापड कोण घालतं? ज्याचा हात आयुष्यभर कपड्यावर इस्त्री ठेवण्याआधी आपोआप कापडाकडे जातो तो. पण लोखंड ओल्या कापडातूनही उतरलं. सुती कपड्यावर असा डाग पडत नाही, म्हणून त्याला ते ठाऊक नव्हतं. उस्तादला ठाऊक होतं. डॉक्टरांकडे असं लोखंडच नाही."

मास्तर जमिनीकडे बघत होते.

"आता राहिलं, का. होल्स्टर डावं आहे हे तिघांनाही दिसत होतं. उस्तादला वाटलं, माणूस डावखुरा असेल. डॉक्टरांना माहीतच होतं. एकट्या मास्तरांची खात्री होती की मुलगी उजव्या हाताची आहे. मग त्यांना काय दिसलं? की भावजींनी तिसऱ्यांदा चुकीचा तुकडा फुगवला, आणि तोही मुलीसाठी."

"काल पाच-साडेपाचला आलो मी," मास्तर हळूच म्हणाले. "डॉक्टर गेल्यावर. दुपारी तुम्ही निघालात तेव्हा तुमचा चेहरा पाहिला होता, लिफ्टवाले. इतकं खूश तुम्हाला कधी बघितलं नाही. म्हटलं, चूक दाखवली तर हा माणूस मोडेल. रात्रभर दाबून तो तुकडा सपाट करायचा, सकाळी सातला येऊन दुसरा फुगवायचा. तुम्ही आलात की तुम्हाला वाटलं असतं, आपण बरोबरच केलं होतं. पण सकाळी इस्त्री उचलली आणि हे काळं." त्यांनी डोळे पुसले. "पळालो मी. सांगायची हिंमत झाली नाही."

मला ओरडायचं होतं. तीन तास मी त्या ओरडण्याची तयारी केली होती. पण ओरडायचं कुणावर ते कळेना, आणि याच्याइतका वैताग मला त्या अख्ख्या दिवसात आला नव्हता.

"ती डावखुरी आहे, मास्तर," अक्का म्हणाल्या.

"मग ती सही?"

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "भावजी, हे काम मास्तरांच्या हातून झालं, पण घडवलंत तुम्ही. एक वाक्य सांगितलं असतंत तर झालं नसतं. आणि तेव्हा मीही गप्प बसले. शाई मी आणत होते, रुमाल मला दिसत होता."

मी होल्स्टर उचललं. "अजून किती लिंबं आहेत?" मी विचारलं.

"नऊ," अक्का म्हणाल्या. "मला नऊलाच वाटलं होतं की लागतील. तुमचा फोन ठेवून धाकटी काळा डाग म्हणाली ना."

८

बारापासून आम्ही खोलीत होतो. मास्तर लिंबं पिळत होते, अक्का थेंब मोजून टाकत होत्या, मी पाण्याने धुऊन घेत होतो. निळंकाळं पाणी टेबलावरून खाली ओघळत होतं. डॉक्टर दवाखाना बंद करून आले. उस्ताद दुकान उघडं टाकून आला आणि कुणाशी न बोलता कोमट पाण्याचं घमेलं ठेवून माझ्या शेजारी बसला. मग त्याला राहवेना. "असं दाबू नका, सालटं निघेल," म्हणाला आणि पट्टी माझ्या हातातून काढून घेतली.

डाग गेला नाही. फिकट झाला, राखेसारखा. साडेतीनला डमी आत बसवून डावा तुकडा आम्ही पुन्हा फुगवला. पण सुकायला एक दिवस लागतो आणि आमच्याकडे अर्धा तास होता. मेण नाही, घासलेल्या कडा नाहीत. अकरा महिने मनात जे चित्र होतं त्यातलं एकही जमलं नव्हतं.

ती दहा मिनिटं आधीच आली. "आई म्हणाली इथे आहात," ती दारातून म्हणाली. टेबलाभोवतीची पाच ओशाळलेली माणसं बघून तिला हसू आलं. मग तिने होल्स्टर पाहिलं, उचललं, उलटसुलट केलं आणि डाव्या कमरेला लावून पाहिलं.

"बाबा, हे डावं आहे."

मास्तरांनी मान खाली घातली. मी एक वाक्य ठरवून ठेवलं होतं, घे, वापरून बघ, एवढंच. बाकीचं तिने ओळखून घ्यावं असा माझा बेत होता.

"हो," मी म्हणालो आणि बाकीच्यांकडे वळलो. "ही माझी मुलगी. ही डावखुरी आहे. लहानपणी मी हिचा डावा हात खुर्चीला बांधून ठेवायचो. त्याची मला लाज वाटते, म्हणून मी तुम्हाला सांगितलं नाही. आणि हिलाही कधी सांगितलं नाही."

 उस्ताद उगाच घमेलं सरळ करत राहिला. ती चामड्याकडे बघत होती.

"ट्रिगरपाशी नीट बसलं नाहीये," ती शेवटी म्हणाली. तिने खुर्ची ओढली, हाडाची पट्टी डाव्या हातात घेतली आणि दाबायला लागली.

"फार जोर लावू नकोस, तिथे—"

"बाबा, जरा गप्प बसा."

मी गप्प बसलो. तिचा हात चांगला आहे. दहा मिनिटांत कमान पुन्हा उमटली. तिने पट्टी ठेवली आणि हात उलटा करून पाहिला. करंगळीच्या कडेला, मनगटापर्यंत, निळीकाळी रेघ ओढली गेली होती. मी ती बघत होतो. तिने मला बघताना पाहिलं आणि तिचा हात झटकन पाठीमागे गेला.

तीस वर्षांची फौजदार, आणि हात पाठीमागे. ते मी केलं होतं.

"दाखव," मी म्हणालो. मग पुन्हा म्हणालो, "दाखव ना."

तिने हळूहळू हात पुढे आणला. मी माझे दोन्ही हात त्याच्याशेजारी टेबलावर उलटे ठेवले. कोपरापर्यंत काळे होते. अक्कांनी एक लिंबू पुढे सरकवलं, पण आमच्यापैकी कुणी ते घेतलं नाही.

उस्तादने खांद्याच्या चामड्याचा तुकडा कागदात गुंडाळून तिच्या पिशवीत टाकला आणि उद्या संध्याकाळपर्यंत डमी काढू नको म्हणून तिला तीनदा बजावलं. मी तिला सोडायला स्टेशनावर गेलो. सहाची गाडी सुटेपर्यंत तिने तो हात धुतला नाही. मीही नाही.